पंचवीसचा गठ्ठा

१७ सप्टेंबर, गुरुवार. पहाटेपासून धुकं; समोरच्या घराचं छप्पर नऊ वाजता दिसलं. पडदे धुतले. शिवणारी बाई उशांचे अभ्रे देऊन गेली, एक कमी. भाची संध्याकाळी सव्वासातला वर्गातून आली. म्हणाली, या वर्षी एका कागदाच्या मागे चालायचं आहे. सूप गार होईपर्यंत चमचा हातात धरून बसली. दोनदा हाक मारावी लागली.

ही नोंद आत्याच्या डायरीतली. आत्या रोज लिहिते आणि घडलं तेवढंच लिहिते. कुणाला काय वाटलं याची तिच्या डायरीत दखल नसते. त्यामुळे चमचा हातात धरून भाची कुठे गेली होती, ते इथे वेगळं सांगायला हवं.

भाची चव्वेचाळीस वर्षांची. आईवडील गेल्यापासून ती आत्याकडेच राहते. आत्याचे यजमान नाहीत, भाचीने लग्न केलं नाही. दोघी एकमेकींच्या पायात न येता एका घरात वावरतात. एकवीस वर्षं भाची विद्यापीठाच्या नोंदणी विभागात चार नंबरच्या खिडकीत बसते. तिला तिथे नावाने कुणी हाक मारत नाही. "चार नंबर आल्या का?" "चार नंबरना विचारा." तिलाही आता त्याचं काही वाटत नाही. खिडकीला जाड काच आहे आणि खाली अर्धगोल भोक. काचेवर बाहेरचा उजेड पडतो, त्यामुळे समोरच्याचा चेहरा धूसर दिसतो; पण भोकातून आत येणारे हात मात्र स्वच्छ दिसतात. शाईचे, पिठाचे, रंगाचे, नखं कुरतडलेले. चेहऱ्यापेक्षा हातच तिच्या जास्त लक्षात राहतात.

इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर सहायक कुलसचिवांची खोली आहे. वीस वर्षांपूर्वी एका सहीसाठी ती तिथे गेली होती. खोलीत कुणी नव्हतं. दोन उंच खिडक्या, टेबलावर नुसता टीपकागद, आणि बाहेर एक झाड, वारा आला की ज्याची पानं उलटून पांढरी व्हायची. ती सही घ्यायची विसरून तशीच उभी राहिली होती. त्या दिवसापासून ती खोली तिच्या डोक्यात कुठेतरी कायमची उघडी राहिली. बसमध्ये, दाताच्या डॉक्टरकडे, रविवारी इस्त्री करताना ती तिथे जाऊन बसायची. पानं पांढरी व्हायची, पुन्हा हिरवी व्हायची.

ते साहेब येत्या जूनमध्ये निवृत्त होणार होते. जागेसाठी विद्यापीठ प्रशासनाची पदव्युत्तर पदवी हवी, अशी अट होती. म्हणून तिने नाव घातलं.

"या वयात परीक्षा?" आत्या म्हणाली होती. "तुझ्या वयाच्या बायका केसांना कलप लावतात आणि तू पेनात शाई भरतेस."

"कलप उतरतो गं आत्या."

"शाईसुद्धा उतरते. तुझ्या पांढऱ्या ब्लाउजवर उतरली आहे ती बघ आधी."

सोमवारी आणि गुरुवारी पाच वाजता, शहरातल्या दुसऱ्या एका संस्थेत वर्ग असे. सतरा जण, त्यांत ती सगळ्यांत मोठी. विषय ऐकून कुणालाही जांभई यावी असे: विद्यापीठाचे कायदे, प्रवेशाची धोरणं, वसतिगृहांची व्यवस्था, विद्यार्थ्यांच्या तक्रारी, मंडळांच्या बैठकांची इतिवृत्तं. तिला मात्र ते ऐकताना तंद्री लागायची. एकवीस वर्षं एखाद्या मोठ्या राजवाड्याच्या तळघरात राहावं आणि एके दिवशी कुणीतरी हात धरून वरचे महाल दाखवावेत, तसं. हा दरवाजा इथे उघडतो होय? हा जिना त्या दालनाला जातो होय? वर्गाच्या खिडक्यांतून उतरतं ऊन बाकांवर लांब पडायचं, फळ्यावरच्या खडूची धूळ त्यात तरंगायची, आणि ती वहीत लिहून घ्यायची: 'विद्वत् परिषदेची रचना'.

शिकवणाऱ्या बाई स्वतः जुन्या कुलसचिव. ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, आवाज अगदी हळू. दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या तासाला त्या म्हणाल्या, "कायदे तुम्हाला पाठ झाले. आता प्रबंधासाठी एक कागद निवडा. आपापल्या संस्थेतला, खरा. तो जिथून निघाला तिथून जिथे पोहोचला तिथवर त्याच्या मागे चाला. तो जिथे बसला, तिथे तुम्ही बसा. जिथे झोपला, तिथे उशाशी बसा. आणि मग मला सांगा, तो का झोपला."

तो हा गुरुवार. सूप गार झालं ते यामुळे.

तिने पुनर्प्रवेशाचा अर्ज निवडला. शिक्षण मध्येच सोडलेल्यांनी पुन्हा यायचं असेल तर करायचा असतो तो. नियम असा की खंड पाच वर्षांपेक्षा मोठा झाला की दार बंद; पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात. विभागाच्या जुन्या दप्तरातून तिने सरळ हाताला आला तो अर्ज काढला. एका परिचारिकेचा होता. दोन वर्षं शिकून झालेली, मग बाळंतपण, मग दुसरं, मग सासऱ्यांचं आजारपण, आणि पाचवं वर्ष सरायच्या आत केलेला अर्ज. वर लाल शिक्का: 'मुदतीनंतर प्राप्त. नामंजूर.'

ती कागदाच्या मागे निघाली. जेवणाच्या सुट्टीत एकेका टेबलापाशी जाऊन बसायची आणि तारखांचे शिक्के वहीत उतरवायची. विभागाच्या अधीक्षकांच्या कॉलरला कायम एक टाचणी टोचलेली असे, म्हणून त्यांचं नाव टाचणीसाहेब. ते म्हणाले, "काय चार नंबर, कागदाला स्थळं बघताय?"

"त्याची वरात शोधतेय साहेब. निघाली आणि पोहोचली यांच्या मध्ये कुठेतरी हरवलीय."

"ग्रंथालयाच्या टेबलावर बघा. तिथे वऱ्हाड जेवायला बसलं की उठत नाही."

ग्रंथालयाच्या टेबलावर अर्ज एक दिवस होता. शाखेच्या टेबलावर दोन दिवस. वरच्या मजल्यावर एक. प्रत्येक जण आपल्यावरचा आळ झटकून दुसऱ्याकडे बोट दाखवत होता, आणि शिक्के पाहता प्रत्येक जण खरंच बोलत होता. उरलं एवढंच: खिडकीत स्वीकारला ९ जानेवारी. वर रवाना २० फेब्रुवारी. मुदत होती १५ फेब्रुवारी. मधले बेचाळीस दिवस कोऱ्या भिंतीसारखे उभे होते.

त्या दिवसांत तिला दुपारी वाचनालयात डुलकी लागायची, आणि डुलकीत अर्ज दिसायचा. लांब पांढऱ्या वाटेने एकटाच चाललेला, कोपरे वाऱ्याने उचललेले. ती मागून हाक मारायची, "अहो, थांबा, कुठे होतात तुम्ही?" तो वळायचा. ओळखीचं हसायचा.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी, खिडकी उघडायला दहा मिनिटं असताना, तिने पेन शोधायला डावीकडचा खण उघडला. पुनर्प्रवेशाचे सहा अर्ज होते. कडेला कडा जुळवलेल्या, नाडीची सैल गाठ. वर वर्षानुवर्षं वापरून मऊ पडलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी: '२५ झाले की वर.' अक्षर तिचंच. एकवीस वर्षांपूर्वीचं, जरा गोल, वेलांट्या जास्त ऐटबाज.

ती खुर्चीत बसून राहिली. बाहेर हात जमायला लागले होते.

सगळं आठवलं. नोकरीचा पहिला महिना. तेव्हाच्या शिपाईकाकांचे गुडघे दुखायचे, आणि वर जायला बावन्न पायऱ्या. तेव्हाचे मोठे साहेब मायाळू होते. म्हणाले, "पोरी, एकेक कागदासाठी त्यांना चढवू नकोस. पंचवीसचा गठ्ठा झाला की दे." तिने चिठ्ठी लिहिली, नाडी आणली. प्रवेशाच्या दिवसांत पंचवीस अर्ज दोन दिवसांत जमायचे. जानेवारीत जमायला दीड महिना लागायचा, पण त्याकडे कोण बघतं? शिपाईकाका निवृत्त झाले, पुढे वारलेही. लिफ्ट आली. साहेब तिघे बदलले. गठ्ठा तसाच राहिला. किती नीटनेटका, म्हणून दोनदा तिचं कौतुकही झालं होतं. शिक्के तपासत ती सगळी इमारत फिरली होती, फक्त स्वतःच्या डाव्या हाताला वळली नव्हती.

आणि मग आठवले ते हात. धुऊन धुऊन कोरडे पडलेले, जंतुनाशकाचा वास येणारे. नामंजूर अर्जाची प्रत तिनेच भोकातून बाहेर सरकवली होती.

"मी तर जानेवारीतच दिला होता हो," बाहेरून आवाज आला होता.

"वरून शिक्का आलाय बाई. माझ्या हातात काही नाही."

माझ्या हातात काही नाही. तिने आपले हात पाहिले.

मग तिने खिडकीवर 'पाच मिनिटांत' अशी पाटी लावली, सहा अर्ज उचलले आणि लिफ्ट सोडून जिन्याकडे वळली. का, ते तिला सांगता आलं नसतं. दगडी पायऱ्या मधोमध झिजून द्रोणासारख्या खोल झाल्या होत्या. ती चढत गेली तसा खालचा गलका विरत गेला आणि वरचा उजेड वाढत गेला. पाण्याच्या तळातून वर यावं तशी ती वर आली. तिसऱ्या मजल्यावर त्या खोलीचं दार किलकिलं होतं. झाडाची पानं उलटली, पांढरी झाली. ती क्षणभर थांबली. या वेळी मात्र काम विसरली नाही.

वरच्या आवक टेबलावरच्या कारकुनाने अर्ज मोजले. पुन्हा मोजले.

"सहाच? बाकीचे एकोणीस कुठायत?"

"बाकीचे अजून कुणी भरलेले नाहीत."

"मग भरू दे की. सुटे घेतात का, मला विचारावं लागेल."

"विचारा. मी थांबते."

त्याने तीन ठिकाणी विचारलं. सुटे घेऊ नयेत असं कुणालाच कुठे लिहिलेलं सापडलं नाही. अखेर त्याने नाराजीने सहा शिक्के मारले.

खाली आल्यावर तिने टाचणीसाहेबांना सगळं सांगितलं. ते आधी हसले. "काखेत कळसा आणि गावाला वळसा!" मग त्यांचं हसू मावळलं. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "चार नंबर, नीट ऐका. तुमची तोंडी परीक्षा घ्यायला बाहेरून कोण येणार आहे?"

"आपले कुलसचिव."

"आणि जूनमधल्या जागेच्या निवड समितीवर कोण आहे?"

तिने वही मिटली.

"तेच. आपल्याच हाताने पायावर धोंडा कशाला पाडून घेता? गठ्ठा आजपासून बंद करा, पुण्य पदरात घ्या, आणि प्रबंधाला दुसरा कागद घ्या. ओळखपत्राचा घ्या. तो कुठेच झोपत नाही, बिचारा."

"आणि त्या परिचारिकेचा अर्ज?"

"तो निकाली निघालाय. निकाली कागद उठवायचा तर कारण लेखी द्यावं लागतं." ते थांबले. "आणि कारण तुम्ही आहात."

म्हणजे गोष्ट साधी होती. लिहिलं नाही तर वरची खोली. लिहिलं तर बहुधा ही खिडकी, निवृत्तीपर्यंत.

रविवारी सकाळी तिने आत्याला विचारलं. आत्या चाळणीतून पीठ चाळत होती.

"मी काय करू गं?"

"मला नको विचारूस. पस्तीस वर्षं मी तुझ्या काकांना 'काय करू' विचारलं आणि ते दर वेळी म्हणाले, 'बघ तू.' तेव्हा बघ तू."

"एवढंच?"

"एवढंच. हां, एक विचारते. ती बाई अजून दवाखान्यात काम करते ना? रात्रपाळी असते का तिला?"

"मला काय माहीत?"

"नाही, सहज. पहिल्यापासून सुरुवात करायची म्हणजे चार वर्षं. दोन मुलं घेऊन." आत्याने चाळणी आपटली. "सरक जरा, तुझ्या बाहीला पीठ लागेल."

त्यानंतरचा हिवाळा भाचीला नीट आठवत नाही. सकाळी लवकर उठून स्वयंपाकघराच्या टेबलावर बसायची. खिडकीबाहेर निळसर उजेड हळूहळू दुधासारखा व्हायचा आणि त्यात कागद आपोआप लिहिला जायचा. कधी वाटायचं आपणच तो अर्ज आहोत. काळोख्या खणात चोवीस शेजाऱ्यांची वाट पाहत पडलो आहोत, वर कुठेतरी तारखा निघून जात आहेत आणि आपल्याला त्यांची पावलं ऐकू येत आहेत. दप्तर चाळलं तेव्हा मागच्या पाच वर्षांत असे आणखी चार निघाले. एकाचा पत्ता आता दुसऱ्या देशातला होता. एक बाई वारली होती. तिने दोन्ही गोष्टी तशाच लिहिल्या. प्रकरण तिसरं, पान एकोणचाळीसवर वाक्य होतं: 'विलंबाचं ठिकाण: खिडकी क्रमांक चार, डावीकडचा खण.' ते वाक्य तिने तीनदा काढलं. एकदा त्याजागी 'स्वीकृती स्तरावर' असंही लिहून पाहिलं. ते दिसायला फार सभ्य होतं, आणि त्यात कोणीच बसलेलं नव्हतं. शेवटी पहिलंच परत घातलं.

मार्चमध्ये तोंडी परीक्षा झाली. लांब टेबल, पाण्याचा तांब्या, एका बाजूला बाई, दुसऱ्या बाजूला कुलसचिव. ते उंच, थकलेल्या चेहऱ्याचे गृहस्थ. त्यांनी प्रबंध खरंच वाचला होता. पानांत खुणेचे कागद घातलेले दिसत होते.

"पान एकोणचाळीस," ते म्हणाले. "हा गठ्ठा कोण बांधत होतं?"

"तिथे लिहिलंय सर. खिडकी क्रमांक चार."

"खिडकी बांधत नाही. माणूस बांधतं."

"मी बांधत होते."

बाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला. कुलसचिवांनी पान उलटलं, परत मागे आणलं.

"नऊ वर्षं मी हे अर्ज पाहतोय," ते म्हणाले. "नेहमी पंचवीस. तपासणी समिती आली होती तेव्हा मी त्यांना अभिमानाने सांगितलं, आमच्याकडे पंचवीसची पद्धत आहे. त्यांनी अहवालात घेतलंय ते. मला वाटलं, नियम आहे."

"मलाही सर."

"तुम्हाला? चिठ्ठी तुमची होती."

"हो. पण पाच-सहा वर्षांनी मलाही तसंच वाटायला लागलं."

ते हसतील असं तिला क्षणभर वाटलं. ते हसले नाहीत. "त्या पाचही जणांबद्दलचं लेखी कारण सोमवारी माझ्या टेबलावर द्या. सहीनिशी. मूळ तारीख ग्राह्य धरायची तर मला ते लागेल. ते तुमच्या सेवापुस्तकात जाईल, हे लक्षात ठेवा."

"लक्षात आहे."

"जूनची जागा समोर दिसत असताना?"

"हो सर."

बाहेर आल्यावर बाई तिच्याबरोबर दारापर्यंत चालत आल्या. काही तरी मोठं बोलतील असं तिला वाटलं. त्या म्हणाल्या, "संदर्भसूचीत दोन चुका आहेत. पक्की प्रत देण्याआधी दुरुस्त करा."

सोमवारी तिने सहीनिशी लेखी कारण दिलं. पदवी मिळाली, चांगल्या श्रेणीत. जूनमध्ये जागेची मुलाखत झाली आणि यादी लागली. नाव हिशेब विभागातल्या एका तरुण माणसाचं होतं. टाचणीसाहेब यादीपाशी तिच्या शेजारी उभे राहिले.

"मी सांगितलं होतं."

"सांगितलं होतं साहेब."

"वाईट वाटतंय?"

"वाटतंय," ती म्हणाली. खोटं कशाला बोलायचं? त्या दिवशी बसमध्ये ती नेहमीप्रमाणे त्या खोलीत जाऊन बसायला निघाली, तर टेबलापाशी तो तरुण माणूस बसलेला होता. तिला पाहून तो उठायला लागला. तिने त्याला हातानेच बस म्हटलं आणि दार ओढून घेतलं. दोन थांबे पुढे गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण उतरायचं विसरलो.

आता रोज पावणेचारला चार नंबरची खिडकी पाच मिनिटं बंद होते. जे काही कागद आलेले असतील, तीन असोत की एक, ती स्वतः जिन्याने वर नेते. आवक टेबलावरचा कारकून अजून कुरकुरतो. "आज एकच? याच्यासाठी बावन्न पायऱ्या?" एकदा एकही नव्हता, तरी ती वर गेली. "आज काही नाही," एवढं सांगायला. कारकुनाने डोक्यावर हात मारून घेतला.

जुलैच्या दोन तारखेला, शुक्रवारी, दुपारी खिडकीच्या भोकातून दोन हात आत आले. धुऊन धुऊन कोरडे पडलेले, ताजा जंतुनाशकाचा वास. तिसऱ्या वर्षाचा नोंदणी अर्ज होता, नीट भरलेला. ती आपण होऊन काही बोलणार होती. पुनर्प्रवेशाच्या मंजुरीचं पत्र गेल्यापासून आठवडाभर शब्द जुळवून ठेवले होते.

"अहो बाई," बाहेरून आवाज आला, "निळ्या शाईने भरलाय. चालेल ना? की काळीच लागते?"

"निळी चालते."

"मग शिक्का मारा पटकन. माझी तीनची पाळी आहे."

तिने तारखेचा शिक्का शाईत दाबला आणि मारला. पोच फाडून सरकवली. हात पोच घेऊन गेले. काचेवरच्या उजेडात एक आकृती वळली, गर्दीतून वाट काढत दाराकडे गेली आणि बाहेरच्या उन्हात विरघळून गेली. चेहरा आजही दिसला नाही. पावणेचारला ती तो अर्ज घेऊन वर गेली. त्या दिवशी तो एकच होता.

घरी आल्यावर तिने आत्याला सांगितलं. आत्याने सगळं ऐकून घेतलं, "बरं झालं" म्हणाली, आणि दिवेलागणीला डायरी उघडली. त्या दिवसाची नोंद लहान आहे. तिची शेवटची ओळ: गाद्या दिवसभर उन्हात टाकल्या, पाचच्या आत उचलल्या, डाव्या गादीची शिवण एक वीत उसवली आहे.